रुपेरी पूड आणि राखेचं पाणी

तळेघर, ता. आंबेगाव
२ सप्टेंबर २०२४

प्रिय सुदर्शन,

पत्राच्या सुरुवातीला इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे. इकडे काहीही ठीक नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

तू फोन उचलत नाहीस. उचललास तर 'रेंज नाही' म्हणतोस. रेंज आम्हाला नसते राव, तुझ्या नारायणगावात काय झालं? तुला एक फोन लावायला मी टेकाड चढते, छत्री धरून उभी राहते, आणि तू 'नंतर बोलू' म्हणून ठेवून देतोस. म्हणून हा कागद. याचं उत्तर देताना तुला काहीतरी लिहावंच लागेल.

बा दवाखान्यातून घरी आला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत, छातीवरही मोठा चट्टा आहे. हात सुधारतील म्हणतात. पण तो बोलत नाही. बारा ऑगस्टला तुमच्या कारखान्यात ड्रम उडाला आणि शेजारचा बहिरूकाका जागीच गेला, तेव्हापासून बा सगळी मिळून दहा वाक्यं बोलला असेल. त्यातली आठ एकच आहेत. "राख माझी व्हती."

तुला माहीत असेल तेच पुन्हा लिहिते, कारण तुला किती माहीत आहे ते मला बघायचंय. बाला त्या दिवशी रिकामे ड्रम आणि फावडी धुवायला सांगितली होती. रंगात घालायची तुमची ती ॲल्युमिनियमची रुपेरी पूड मेणचट, नुसत्या पाण्यानं निघेना. बाच्या पिशवीत चुलीतल्या राखेचं पुडकं असायचं, डबा घासायला. चाळीस वर्षं त्यानं राखेशिवाय भांडं घासलेलं नाही. त्यानं ड्रम राखेनं घासले, घासलेला सगळा गाळ एका ड्रममध्ये भरला, वर आणखी झाडलोट ओतली आणि पूड उडू नये म्हणून झाकण घट्ट बसवलं. जेवण झाल्यावर बहिरूकाकाला म्हणाला, "येवढा ड्रम भायेर सारतो का?" काकानं पहारीनं झाकण उचकटलं, आत काय आहे बघायला. पुढचं तुला ठाऊक आहे.

परवा कंपनीचा एक माणूस कागद घेऊन आला. बाचा अंगठा भाजलेला, तर डाव्या हाताच्या करंगळीचा ठसा घेतला. कागदात लिहिलंय की कामगार जानकू यानं स्वतःच्या मनानं राख वापरल्यामुळे अपघात घडला. तो गेल्यावर मी वाचलं. आधी वाचायला हवं होतं, ही माझी चूक.

दोघांना त्या कामावर तूच लावलंस. तिथला केमिस्ट तूच आहेस. मला एवढंच सांग, राखेनं असं होतं का? आणि होत असेल तर एवढ्याशा राखेनं?

बहिरूकाकाचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत आहे. सोनीकाकू पलीकडे रडते ते इकडे ऐकू येतं. ती आमच्याशी बोलत नाही.

जया


नारायणगाव, ता. जुन्नर
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय जया,

तुझं पत्र मिळालं. फोनबद्दल माफ कर. इथे रोज चौकशीची माणसं येतात, डोकं ठिकाणावर नसतं.

तू विचारलंस म्हणून स्पष्ट लिहितो. होय, राखेनं असं होतं. ॲल्युमिनियम उघडं असेल तर पाण्याशी त्याची क्रिया होते, हायड्रोजन निघतो आणि पूड तापते. पिठाइतकी बारीक पूड म्हटल्यावर तर लईच. म्हणून आपण प्रत्येक कणाला लेप देतो. आपला चांगला माल दुहेरी लेपाचा असतो. आत सिलिकाचा, काचेसारखा आणि अगदी पातळ. त्याच्यावर स्टिअरिक आम्लाचा, मेणासारखा. असा माल पाण्यावर नुसता तरंगतो, काही होत नाही. पण राखेचं पाणी क्षारीय असतं. भांड्याचा ओशटपणा राखेनं जातो तो का, हे तुला मी काय सांगू. त्या क्षारानं मेणचट लेपाचा साबण होतो आणि तो धुऊन जातो. धातू उघडा पडला, ड्रमचं झाकण बंद, वायू कोंडला, वर लोखंडी पहारीची ठिणगी. हे सगळं एका ओळीत आलं, हे दुर्दैव.

ड्रम पाण्यानं धुवायची परवानगी होती. राखेची नव्हती. पण कुणी मुद्दाम केलं असं कुणीच म्हणत नाही. जानकूबांना सांग, हा अपघात होता. मालात दोष नव्हता, कारण त्या मालाचा रिपोर्ट माझ्याच हातचा आहे.

मलाही झोप लागत नाही. बहिरूभाऊंचा डबा अजून खुंटीवर आहे.

तब्येतीला जप.

सुदर्शन


तळेघर
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय सुदर्शन,

तुझं पत्र मी बाला मोठ्यानं वाचून दाखवलं. माझी अक्कल गहाण पडली होती. वाटलं, 'अपघात होता' हे ऐकून त्याला बरं वाटेल. त्यानं राखेचा भाग तेवढा ऐकला, मान हलवली आणि म्हणाला, "म्हंजी म्याच." त्या दिवसापासून घरात राख ठेवू देत नाही. चूल विझली की पाटीत भरतो आणि भाजल्या हातांनी ओढ्यात टाकून येतो. भांडी मी दुकानातल्या पावडरनं घासते.

पण पत्र ऐकताना तो मध्येच म्हणाला, "पान्याची परवानगी? ती जूनपास्नं. आदी व्हता का पान्याचा थेंब तितं?" आणि मग दोन महिन्यांत बोलला नव्हता एवढं बोलला. म्हणाला की पूर्वी शेडमध्ये पाणी न्यायला बंदी होती, दारावर तशी लिहिलेली फळी होती, झाडायचं ते कोरड्या कुंच्यानं. जूनमध्ये सुपरवायझर सयाजीनं फळी काढली आणि सांगितलं, "नवा माल पान्याला भीत न्हाय. सुदर्शन सायबाचा कागद आलाय."

ही फळी तुझ्या पत्रात कुठे नव्हती.

आता दुसरी गोष्ट. गेल्या वर्षी दिवाळीआधी बानं कारखान्यातून थोडी पूड आणली होती, देवळाच्या फाटकाला चंदेरी रंग द्यायला. पहिल्याच दुहेरी लेपाच्या मालातली, सयाजीला विचारून आणलेली. फाटक रंगवून उरलेली पुडी फडताळात होती. आणि अपघाताच्या दिवशीची बाची डब्याची पिशवी मी धुतलीच नव्हती. तिच्या शिवणीतून आणि तळातून चहाचा चमचाभर पूड निघाली. ही यंदाची.

मी अंगणवाडीत चार काचेचे पेले घेतले. पोरं घरी गेल्यावर दोन पेल्यांत साधं पाणी घातलं, दोनांत राखेचं, फडक्यातून गाळलेलं. राख सोनीकाकूच्या उकिरड्यावरून आणली, आमच्याकडे मिळत नाही. चारही पेल्यांत सारखी पूड भुरभुरली.

साध्या पाण्यात दोन्ही तरंगल्या. राखेच्या पाण्यात जुनी पूड संध्याकाळपर्यंत तरंगत राहिली, दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडलं तेव्हाही बहुतेक वरच होती. कडेला चारदोन बुडबुडे, बास. नवी पूड पाऊण तासात करडी पडली. मग सोडा फसफसावा तसे बुडबुडे सुरू झाले. पेला हाताला कोमट लागला.

राख तीच. पाणी तेच. मग फरक कशात आहे, सुदर्शन?

जया


नारायणगाव
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय जया,

दिवाळी असूनही घरी थांबता आलं नाही, म्हणून उशीर. जानकूबांसाठी एक गरम शाल पाठवतोय, थंडीत छातीला बरी.

तुझा प्रयोग वाचला. तुझी जिद्द मला माहीत आहे, पण रागावू नकोस, चहाच्या चमच्यानं आणि फडक्यातल्या राखेनं असल्या गोष्टी ठरत नाहीत. पिशवीतली पूड पावसाळाभर दमट हवेत होती. घामाचं मीठ, डब्याचं तेल, काय काय लागलं असेल तिला. लेप खराब होणारच. शिवाय तू बारावीनंतर शास्त्र सोडलंस, त्याला बारा वर्षं झाली. या क्षेत्रात तेवढ्यात खूप काही बदललं.

एक कळकळीची विनंती. हे पेल्यांचं कुणाला दाखवू नकोस आणि गावात बोलू नकोस. चौकशी संपत आली आहे. ती अपघात म्हणूनच संपेल आणि जानकूबांना काही होणार नाही, याची जबाबदारी माझी. विनाकारण उकरून काढलं तर पहिला त्रास त्यांनाच होईल. तुला नेमकं काय हवंय ते मोकळेपणानं सांग. मदत हवी असेल तर मी कंपनीत शब्द टाकतो. गेल्या महिन्यापासून प्रयोगशाळेचा प्रमुख मीच आहे.

सुदर्शन


तळेघर
२४ नोव्हेंबर २०२४

सुदर्शन,

प्रयोगशाळेचा प्रमुख झालास, अभिनंदन. शाल मिळाली. बानं ती घडी न मोडता खुंटीला लावली आहे.

माझी पूड दमटली म्हणतोस. पिशवीतल्या पुडीनं जेमतेम सव्वादोन महिने काढले. फडताळातल्या पुडीनं अख्खं वर्ष आणि तळेघरचा अख्खा पावसाळा काढला, आणि आमच्या फडताळात मीठसुद्धा पाणी होतं. दमटपणानं लेप जायचा असता तर आधी जुनीचा गेला असता. प्रमुखांच्या हे लक्षात आलं नाही का?

मी शास्त्र सोडलं नाही रे. आई अंथरुणाला खिळली म्हणून घोडेगावचं कॉलेज सुटलं. तोवर वर्गात कुणाचं रीडिंग बरोबर यायचं ते तुला विसरता येणार नाही. मॅग्नेशियमच्या तुकड्यावर आम्ल घालून उलट्या नळीत वायू धरायचा, ते प्रॅक्टिकल आठवतंय? तुझी नळी दर वेळी हातातून निसटायची. तिसऱ्यांदा निसटल्यावर तू माझ्या वहीतलं रीडिंग उतरवून घेतलंस, थोडं खालीवर करून, आणि सर तुला म्हणाले की काम स्वच्छ आहे. मी हसले होते. तेव्हा ती मला गंमत वाटली.

धातूची पूड पाण्यात ठेवून किती वायू निघतो ते बघायची परीक्षा तुमच्याकडेही असणारच. तीच उलटी नळी. पूड तरंगली म्हणजे वरचं मेण शाबूत आहे एवढंच कळतं. आतली काच आहे की नाही, ते मेण जरा निघाल्याशिवाय कसं कळेल? त्यासाठी कोमट पाण्यात, वेळ देऊन थांबावं लागत असेल. किती वेळ, ते तू सांग.

आणि हेही सांग, जूनमधल्या मालाचं रीडिंग तू कुणाच्या वहीतून उतरवलंस?

मला काय हवंय विचारलंस. मदत नको, कंपनीत शब्द नको. पाण्यानं धुवायचा तो कागद चुकीचा होता, एवढी एक ओळ हवी, तुझ्या सहीची. बाला वाचून दाखवायला आणि भिंतीपलीकडे नेऊन द्यायला.

जया


तळेघर
१६ फेब्रुवारी २०२५

सुदर्शन,

पावणेतीन महिने झाले. पोस्टमन आला की बा दाराकडे बघतो. मी त्याला सांगून बसले होते की सुदर्शनचं उत्तर येणार आहे. तुझं नाव घेऊन मी पहिल्यांदाच खोटी पडले.

आता मी भांडायला लिहीत नाही. विनवायला लिहिते.

आमच्याकडे भाताचं रोप कसं करतात ते तू एकदा उन्हाळ्यात येऊन पाहिलं होतंस. वाफ्यावर शेण, पालापाचोळा, डहाळ्या पसरायच्या, वर माती, आणि पेटवून द्यायचं. तो राब. त्याच्या राखेत पावसाच्या तोंडावर भात पेरला की रोप जोमानं येतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही. गावात सगळ्यांनी डहाळ्या तोडून आणल्या. बा म्हणतो, आमचा राब भाजायचा नाही. "राख करायची न्हाय आता ह्या घरानं." मी रागावले, रडले. तो म्हणतो, "येक मानूस गेला त्येवढा पुरं."

तुला कळतंय का हे? हा माणूस आपलं शेत पडीक टाकायला निघालाय, तुझ्या रिपोर्टावरच्या विश्वासानं.

गेल्या अमावस्येला तो भिंतीपलीकडे गेला होता. सोनीकाकूच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, शिव्या तरी दे." तिनं दार लावून घेतलं. तो तसाच बराच वेळ उभा होता. मी त्याला हाताला धरून आणलं.

त्याला धाप लागते. छाती वाजते. घोडेगावला दोनदा नेलं, औषधं चालू आहेत, पण डॉक्टर म्हणाले की जगायची इच्छा औषधात नसते. तो जेवायला बसतो आणि दोन घास खाऊन ताट सारतो.

एक ओळ लिही. सही नको, शिक्का नको. तुझं अक्षर त्याला ओळखू येतं, कामाच्या चिठ्ठ्या तूच लिहायचास. कंपनीला मी दाखवणार नाही, देवाशपथ.

जया


नारायणगाव
२१ मार्च २०२५

प्रिय जया,

हे पत्र मी चारदा लिहून फाडलं. हे पाचवं आहे, हे पाठवतो.

ती परीक्षा चोवीस तासांची असते. पूड कोमट पाण्यात ठेवायची, वर उलटी नळी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला रीडिंग घ्यायचं. तू बरोबर ओळखलंस. मे महिन्याच्या शेवटी सिलिकाच्या टाकीचा ढवळणारा दांडा तुटला. नवा यायला तीन आठवडे होते आणि माल द्यायची तारीख जवळ आली होती. नुसत्या मेणाच्या लेपाचा माल काढला आणि दुहेरी म्हणून भरला. त्यातला उरलेला माल ऑगस्टमध्येही शेडमध्ये होता. मला ते माहीत होतं. दारात ट्रक उभा होता, साहेब माझ्या टेबलापाशी उभे होते. मी पेल्यात पाणी घेतलं, पूड टाकली, ढवळली. दहा मिनिटं तरंगली. साहेब म्हणाले, "तरंगतंय ना?" मी म्हणालो, हो. आणि वायूच्या रकान्यात शून्य लिहिलं. मागच्या मालाचं रीडिंग शून्यच होतं, तेच उतरवलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

पुढच्या आठवड्यात त्याच कागदावरून फळी काढली. मी फळी काढायला सांगितलं नव्हतं, पण ती काढलेली मी रोज बघत होतो. दुहेरी लेप असता तर तुझ्या बाची राख त्या दिवशी काही करू शकली नसती. गाळ रात्रभर पडून राहिला असता तरी चारदोन बुडबुडेच आले असते, तू पेल्यात पाहिलेस तेवढे. आणि फळी जागेवर असती तर त्या ड्रमात पाणीच गेलं नसतं.

राख त्यांची होती, पण बहिरूभाऊ माझ्यामुळे गेले. हे मला बारा ऑगस्टच्या संध्याकाळीच कळलं होतं. तुला लिहिलेली दोन्ही पत्रं मी हे माहीत असताना लिहिली. मला भीती वाटली, जया. नोकरीची, जेलची, बायकोला काय सांगू याची. तुझं पेल्यांचं पत्र आलं तेव्हा मला तुझा राग आला होता, तुझ्या डोक्याचा. तो बारावीपासूनचा आहे.

जानकूबांना हे वाचून दाखव. सोनीबाईंनाही दाखव, हवं तर. मग हे पत्र जाळून टाक. माझी मुलगी दोन वर्षांची आहे.

सुदर्शन


तळेघर
९ एप्रिल २०२५

सुदर्शन,

तुझं पत्र २५ मार्चला मिळालं. आदल्याच दिवशी बाचा दहावा झाला होता.

पंधरा मार्चला सकाळी तो गेला. फार त्रास झाला नाही. आदल्या दिवशी मला म्हणाला, "तुझ्या दोस्ताचा कागद आला न्हाय नव्हं?" मी म्हटलं, येईल. तो म्हणाला, "कामात असंल."

तू ज्या दिवशी पाचवं पत्र लिहायला बसलास त्या दिवशी त्याला जाऊन सहा दिवस झाले होते. फाडलेली चार केव्हा लिहिलीस ते मला कळवू नकोस. त्यातलं एखादं फेब्रुवारीतलं असलं तर मला ते सहन होणार नाही.

तुझ्याकडे चोवीस तास नव्हते. बा सात महिने थांबला. मी तुला माफ केलेलं नाही आणि करेन असं वाटत नाही. हे स्पष्ट लिहिते, म्हणजे नंतर तुला आशा लागून राहायला नको.

दहाव्याला सोनीकाकू आली होती, लांब उभी राहून गेली. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र वाचून मी तसंच तिच्याकडे नेलं. तिला वाचता येत नाही. मी वाचलं, अवघड शब्द सोपे करून सांगितले. एकदा झाल्यावर ती म्हणाली, "परत वाच." दुसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाली, "दारात आला व्हता गं त्यो. शिव्या तरी दे म्हनला. म्या दार लावलं." मग तिनं कपाळावर हात मारून घेतला, इतक्या जोरात की मला धरावं लागलं. बहिरूकाका गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. नवरा गेल्यावर तिला निदान कुणावर तरी रागावता येत होतं. ते तू तिच्याकडून काढून घेतलंस, आणि ज्याची माफी मागायची तो माणूसही.

परवा तिनं आमचा राब लावला. डहाळ्या तिनंच तोडल्या होत्या, मी नुसती उचलायला. पेटवायच्या वेळी ती तिच्या चुलीतले निखारे खापरात घेऊन आली. म्हणाली, "भावजीचं शेत पडून ऱ्हायाचं न्हाय." तुझं पत्र तिच्या हातात होतं. मला वाटलं, आता टाकते राबात. तिनं घडी घालून कमरेला खोचलं. "ह्ये जाळायचं न्हाय," म्हणाली.

कंपनीला दाखवणार नाही अशी शपथ मी घेतली होती. ती बाच्या जिवासाठी होती, आणि तो जीव आता नाही. तुझ्या पत्राच्या तीन प्रती काढल्या आहेत. मंगळवारी, २२ एप्रिलला, पहिल्या गाडीनं सोनीकाकू आणि मी घोडेगावला तहसील कचेरीत जातो आहोत. अर्ज मी लिहिलाय. करंगळीचा ठसा घेतलेला तो कागद रद्द करा, जानकूच्या नावापुढचं ते वाक्य खोडा आणि चौकशी पुन्हा करा, एवढंच त्यात आहे. खाली साक्षीदाराची एक जागा रिकामी ठेवली आहे. तू येऊन सही केलीस तर ती तुझी. नाही आलास तर पत्र जोडू.

तुझी मुलगी लहान आहे हे मी वाचलं. तिच्यावर माझा राग नाही. ती मोठी होईल तेव्हा तू तिला काय सांगशील ते तुझं तू बघ.

शाल या पत्रासोबत परत पाठवते. घडी मोडलेली नाही.

आम्ही नऊ वाजता घोडेगावात उतरू आणि कचेरी बंद होईपर्यंत थांबू. तू येशील असं मला वाटत नाही. सोनीकाकूला वाटतं. ती म्हणते, "यील गं, मानूसच हाय त्यो."

जया